बुटकी गाडी आणि निसरडी वाट

मैत्रिणींनो, आमच्या कुरुंदवाडात बर्फ बघायचा तर दोनच ठिकाणी. एक रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला, आणि दुसरा आपापल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. तेव्हा कुरुंदवाडची एक बाई बर्फातून मोटार कशी चालवावी यावर लिहायला बसली, म्हणजे तुम्हाला हसू येणारच. येऊ द्या. पण हसून झालं की जरा माझं ऐका. कारण बर्फ असो की आपल्या काळ्या रानातला चिखल, निसरडं ते निसरडंच. आणि आजकाल घरोघरी लेकीसुना गाड्या चालवतात, कोणाची पुण्यात, कोणाची परदेशात. त्यांच्या काळजीनं आपली झोप उडते. नुसती काळजी करण्यापेक्षा त्या काळजीला थोडं ज्ञान जोडलेलं बरं, नाही का?

आमची लेक माँट्रियलला असते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातलं हे मोठं शहर. तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती काम करते. इथली पदवी तिकडे तशीच्या तशी चालली नाही. पुन्हा अभ्यास केला, पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा कुठे ही नोकरी हाती आली. पाळी सकाळी सातची. जावयांना गाड्यांचा भारी शौक. त्यांनी हौसेनं एक जुनी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतलेली. दिसायला मोठी देखणी, पण इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं! गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. उन्हाळ्यात टप उघडून फिरायची ही गाडी. पण जावयांची बदली लांबच्या गावी झाली, मोठी गाडी त्यांच्याबरोबर गेली, आणि ऐन हिवाळ्यात ही बुटकी माझ्या लेकीच्या वाट्याला आली.

मग काय विचारता! फोनवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. विहीणबाई म्हणाल्या, "नोकरी सोडून दे, तुला काय कमी आहे?" माझी धाकटी बहीण म्हणाली, "गाडी विकून टाक." आमचे हे म्हणाले, "टॅक्सीनं जा म्हणावं." सगळे मायेनंच बोलत होते, पण त्यातल्या एकानंही तिला विचारलं नाही, की बाई गं, तुझ्या गाडीच्या चाकाला टायर कुठलं आहे? मी विचारलं. कारण मला निसरड्याची ओळख होती. लेकीची इतक्या कष्टांनी मिळवलेली नोकरी एका हिवाळ्यापायी जाऊ नये, आणि लेक तर मुळीच जाऊ नये, या दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या.

माझी ओळख कशी, ते सांगते. कुरुंदवाड म्हणजे नद्यांच्या कुशीतलं गाव. शेजारी नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम. भोवती काळीभोर, कसदार जमीन आणि नजर पोचेल तिथवर ऊस. ही काळी माती पाणी प्याली की फुगते, चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. रानातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला, की तो चिखल रस्त्यावर थापत जातो. वर पावसाची एक बारीक सर आली, की झालं! साबण लावलेल्या मोरीवर अनवाणी पाय टाकावा तशी गत. हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यातून पडलेली कांडी, पाचट, त्यावर अवकाळी पाऊस, हे सगळं मी १९९३ पासून मारुती ८०० चालवत पाहिलेलं आहे. मला गाडी शिकवणारे मास्तर एकच वाक्य सांगायचे, "वहिनी, मागच्या सीटवर तान्हं मूल झोपलंय असं समजा, आणि ते उठता कामा नये." त्या एका वाक्यात निसरड्यावर गाडी चालवायचं निम्मं शास्त्र आलं.

आता हे शास्त्र आपण नीट समजून घेऊ. गाडी कितीही मोठी, महाग, जोरदार असली, तरी ती जमिनीला धरून असते ती चार ठिकाणी, तेही तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. पळवणं, थांबवणं, वळवणं ही तिन्ही कामं ते चार तुकडेच करतात. रस्ता कोरडा असला की पकड भरपूर, तिन्ही कामं सुखानं होतात. निसरड्यावर मात्र ती पकड महिनाअखेरच्या पैशांसारखी असते. थोडीच असते, म्हणून एका वेळी एकच खर्च करायचा. वळताना ब्रेक नाही, ब्रेक लावताना वळण नाही, आणि वळणावर ॲक्सिलरेटर तर नाहीच नाही. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, मग वळायचं, आणि चाकं सरळ झाल्यावर हळूच पुढे जायचं.

स्पोर्ट्स कारचं इथेच अडतं. तिच्या इंजिनात जोर मोठा. कित्येक स्पोर्ट्स गाड्यांत तो जोर मागच्या चाकांना मिळतो, आणि मागची बाजू तर हलकी. पाय जरा जास्त दाबला गेला, की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडीची शेपटी बाजूला सरकते. म्हणून बर्फावरून निघताना बरेचजण पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघतात, म्हणजे चाकाला एकदम हिसका बसत नाही. लेकीनं डिकीत वाळूच्या दोन पिशव्याही ठेवल्या होत्या. मागे थोडं वजन होतं, आणि चाक अडकलं तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

आता टायर. आपल्या घरातलं खोबरेल तेल थंडीत थिजतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! साध्या टायरच्या रबराचंही तसंच होतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की ते कडक व्हायला लागतं आणि त्याची पकड कमी होते. म्हणून तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यांच्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरून ठेवतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी असं चिन्ह असतं. क्युबेक प्रांतात तर कायदाच आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर हवेतच. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर रुंद असतात. भुसभुशीत बर्फावर रुंद चाक वर तरंगायला बघतं, अरुंद चाक बर्फ कापून खाली पोचतं. म्हणून लेकीनं हिवाळ्यासाठी थोडे अरुंद टायर बसवून घेतले. आमच्या ह्यांचा टॅक्सीचा सल्ला मानला असता, तर महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्यातच त्या टायरचे पैसे गेले असते. हा हिशोब मी ह्यांना कागदावर मांडून दाखवला!

२०२३ च्या जानेवारीत मी स्वतः तिच्याकडे गेले. मी तिकडे चाक हातात घेतलं नाही, शेजारी बसले. पण शेजारी बसूनही बरंच शिकता येतं. तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, हे पाहून मला लहानपणचा आइस्क्रीमचा पॉट आठवला. आपण पॉटभोवतीच्या बर्फात जाडं मीठ घालायचो ना? मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, तेच तत्त्व. पण थंडी उणे दहा अंशांच्या खाली उतरली, की साध्या मिठाचा जोर ओसरतो. मग बारीक खडी आणि वाळू टाकतात. हे मीठ गाडीच्या पोटाला लागून पत्रा गंजतो. बुटक्या गाडीला तर ते फारच लागतं. त्यामुळे अधूनमधून गाडी खालून धुऊन घ्यावी लागते, आपण पंचमीच्या आधी डबे घासतो तशी.

आणि एक गोष्ट कळली. आपल्याला वाटतं, जितकी थंडी जास्त तितकं निसरडं जास्त. तसं नाही. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानानं बरा. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ पापुद्रा असलेला बर्फ सगळ्यांत घातकी. काही वेळा पाऊस पडतो आणि रस्त्याला टेकताक्षणी गोठतो. १९९८ च्या जानेवारीत माँट्रियल भागात असा गोठता पाऊस लागोपाठ काही दिवस पडला. विजेचे मनोरे वाकले, लाखो घरांत अंधार झाला. रस्त्यावरच्या त्या पातळ थराला लोक 'काळा बर्फ' म्हणतात. असतो मात्र काचेसारखा, आरपार दिसणारा. खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता ओला आहे इतकंच वाटतं. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला थंड वारा वरूनही लागतो आणि खालूनही.

एका संध्याकाळी तो आम्हाला भेटला. उताराचा रस्ता, पुढे चौक, लाल दिवा. लेकीनं बरंच आधी गिअर उतरवून वेग कमी केलेला. तरी गाडीची मागची बाजू हळूच उजवीकडे सरकली. माझ्या पोटात गोळा आला, पण तोंडातून आवाज काढला नाही. शेजारच्यानं किंचाळणं म्हणजे चालवणारीच्या हातावर मारणं. तिनं ब्रेकवर पाय आपटला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, नजर जिकडे जायचं होतं तिकडे ठेवली, आणि चाक तिकडेच हलकेच वळवलं. गाडी सरळ झाली आणि चौकाच्या दोन गाड्या आधी थांबली. तेव्हा मी म्हटलं, "झालं, तान्हं उठलं नाही." ती खदखदून हसली. मास्तरांचं वाक्य तिला लहानपणापासून पाठ!

इथे अंतराचा हिशोब लक्षात ठेवा. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून साधारण १५ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट धरतात, आणि बर्फावर दहापटीपर्यंत. म्हणजे १५० मीटर! नव्या गाड्यांत चाक जाम होऊ न देणारी एबीएस नावाची सोय असते. आपल्याकडेही २०१९ पासून नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. ती असेल तर अडचणीच्या वेळी ब्रेक दाबून धरायचा, पायाखाली खडखड थरथर झाली तरी सोडायचा नाही. जुन्या गाडीत ती नसते. तिथे ब्रेक हलका दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. आपली गाडी कुठली, ते आधी माहीत हवं.

पण मैत्रिणींनो, मला सगळ्यांत कौतुक वाटलं ते दुसऱ्याच एका सकाळचं. रात्रभर हिम पडलेलं. अंगणातला रस्ता पांढराशुभ्र, घोट्याच्या वर चढलेला. बुटक्या गाडीचा खरा शत्रू हा. उंच गाडी असल्या बर्फावरून निघून जाते. बुटकीचं पोट मात्र बर्फाला टेकतं. पुढचा बंपर फावड्यासारखा बर्फ ओढतो, तो गाडीखाली दाबला जातो, आणि हळूहळू गाडीच त्या ढिगावर उचलली जाते. चाकं अधांतरी फिरतात आणि गाडी होते घसरगुंडी. मग टायर कितीही चांगले असले तरी उपयोग नाही, जमिनीला टेकतील तेव्हा ना!

लेकीनं गाडी दहा-बारा पावलं पुढे काढली. खालून खर्रर्र असा आवाज आला. ती थांबली, आल्या चाकोरीनं गाडी मागे घेतली, किल्ली काढली आणि म्हणाली, "आई, आज गाडी नाही." कामावर फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं. पलीकडच्या वरिष्ठांचा आवाज चांगलाच चढलेला मला ऐकू येत होता. ही शांतपणे म्हणाली, "मी येते आहे, मेट्रोनं." तिथली मेट्रो १९६६ पासूनची, आणि सबंध जमिनीखालून धावते, त्यामुळे वर कितीही हिम पडो, तिला काही नाही. ती पाऊण तास उशिरा पोचली. त्या दिवसापासून तिनं नियमच केला. आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघायचा, आणि बर्फ गाडीच्या पोटापर्यंत येणार असेल तर एक तास लवकर उठून मेट्रोनं जायचं. नोकरी राहिली, गाडी राहिली, आणि लेक सुखरूप राहिली.

बायकांना हे जमत नाही, असं कोणी म्हटलं तर त्यांना पॅट मॉसचं नाव सांगा. मूळची घोडेस्वारी करणारी ही इंग्रज बाई. १९६० मध्ये तिनं ॲन विझ्डमला सोबत घेऊन लीज-रोम-लीज ही युरोपातली महाकठीण शर्यत जिंकली, ती बुटक्या ऑस्टिन-हीली स्पोर्ट्स कारमधून, तमाम पुरुषांना मागे टाकून. १९६५ च्या माँटे कार्लो शर्यतीत तर असं हिमवादळ झालं की बहुतेक गाड्या वाटेतच राहिल्या. त्यात पहिली आली चिमुकली मिनी, दुसरी आली पोर्श ९०४ ही जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार, आणि तिसरी आली साब गाडीतून पॅट मॉस. म्हणजे बुटकी गाडी बर्फातून जाऊ शकते, बाईही जाऊ शकते. मात्र ती माणसं कधी पाय दाबायचा आणि कधी उचलायचा हे जाणत होती.

आता आपल्या इकडे या. आपल्याला बर्फ नाही, पण पूर आहे. वाडीच्या दत्तमंदिरात कृष्णेचं पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला, की भाविक स्नानाला येतात, आणि इकडे आमच्या घरातलं सामान माळ्यावर चढायला लागतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आमच्या गावानं पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढू लागलं तसं आम्ही जयसिंगपूरला पाहुण्यांकडे निघालो. चाक माझ्या हातात. गाडीत सासूबाई, जाऊबाई, मुलं आणि पुढे दीर. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी आडवं वाहत होतं. समोरून एक ट्रॅक्टर पलीकडे गेला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, घाला गाडी. तो गेला की नाही?" मागून हॉर्न वाजत होते. सासूबाईंची औषधं पलीकडे मिळणार होती, हेही खरं होतं.

मी गाडी घातली नाही. ट्रॅक्टरचं चाक माझ्या खांद्याएवढं, माझ्या मारुतीचं गुडघ्याएवढं. एक घनफूट पाणी २८ किलो वजन उचलतं. साडेसहाशे किलोच्या छोट्या गाडीला फूटभर वाहतं पाणीही ढकलून नेऊ शकतं, आणि गुडघाभर पाण्यात ती तरंगायला लागते. तरंगली की तिचा ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. शिवाय इंजिन हवा घेतं त्या तोंडातून पाणी आत गेलं, तर इंजिनच मोडतं. म्हणून बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करायची नसते. हे सगळं भाऊजींना त्या घटकेला समजावत बसायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, गाडी मी चालवते आहे. मी नाही नेणार." आणि मागे वळवली. आम्ही उंचावरच्या ओळखीच्या घरात राहिलो, दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडलो. औषधं शेजारणीनं दिली. भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "वहिनी, चहा टाकता का?" समजायचं ते मी समजले.

मैत्रिणींनो, स्वयंपाक करणारीला मीठ किती घालायचं ते आपण सांगत नाही ना? तसंच हे आहे. चाक जिच्या हातात, तिचा शब्द शेवटचा. ती 'नाही' म्हणाली तर मागच्या सीटवरून भित्री म्हणू नका. लेकीला, सुनेला गाडी शिकवाल तेव्हा क्लच-गिअरच्या आधी हा 'नाही' शिकवा, आणि घरातल्या माणसांना तो ऐकायला शिकवा.

जाता जाता घरगुती दोन गोष्टी. टायरच्या खोबणीत तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोबण १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदला. पावसाळ्याआधी हे बघाच. गाडीत एक बॅटरी, दोरी, जाड चादर, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ आणि गोणपाटाचे दोन तुकडे ठेवा. चिखलात रुतलेल्या चाकाखाली गोणपाट फार उपयोगी पडतं. लेक थंड देशात असेल तर तिला सांगा, बर्फात अडकून गाडीतच बसायची वेळ आली, तर इंजिन सुरू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीभोवतालचा बर्फ आधी काढ. नळी बुजली तर विषारी वायू आत साठतो, आणि त्याला वास नसतो.

आणि फोनवर लेकीला "जपून जा" म्हणायचंच असेल, तर त्याला एक वाक्य जोडा, "आणि नाही गेलीस तरी चालेल."